वाढत्या डोळ्याचं माप

दि. ११ मार्च २०१२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तुझ्या लाडक्या भाचीच्या, बटणाच्या, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आज अठरा दिवस झाले. पोर खुशाल आहे, दूध पिते, रांगते, माझे केस ओढते. नऊ महिन्यांच्या मुलीला मोतीबिंदू होता हे ऐकून बेकरीतल्या बायका अजूनही तोंडाचा आ करतात. मोतीबिंदू म्हणजे म्हाताऱ्यांची मिरास, असं त्यांना वाटतं. मलाही वाटत होतं.

आतलं गढूळ भिंग काढून नवं बसवलं. तसलंच एक डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी मला दाखवलं. शर्टाच्या कॉलरला तू लावतोस ना, त्या बटणाहूनही लहान. मी विचारलं की आता पोरीला स्वच्छ दिसेल ना. तर बाई शांतपणे म्हणाल्या की नाही, भिंग मुद्दामच कमी ताकदीचं बसवलंय, राहिलेली कसर चष्म्याने भरून काढायची, चष्मा अधिक पाचचा. दादा, माझं डोकंच फिरलं! एवढ्याशा जिवाला भूल द्यायची, डोळा उघडायचा आणि आत चुकीचं भिंग ठेवायचं, तेही जाणूनबुजून? बाईंनी समजावलं, की आज हा डोळा पुढून मागे एकोणीस मिलिमीटर लांब आहे, सहा-सात वर्षांत तो बावीसपर्यंत जाईल. डोळा वाढतो, भिंग वाढत नाही. मी मान हलवली, पण खरं सांगते, काही कळलं नाही. हे तर घरी येऊन माझ्यावरच भडकले, की तू नीट विचारलं का नाहीस. नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळं आजच्या आज गळायचं थांबायला हवं असतं.

खरी काळजी पुढेच आहे. इतके दिवस डाव्या डोळ्याने काही पाहिलंच नाही, त्यामुळे मेंदूने त्याचा नाद सोडलाय. आता रोज निम्मा वेळ चांगला उजवा डोळा झाकायचा, म्हणजे डाव्याला झक मारत काम करावं लागेल. हे पहिल्या दोन-चार वर्षांतच होतं. नाही झालं, तर डोळा धडधाकट असूनही जन्मभर बिनकामाचा. चिकटपट्टीने पोरीचं कातडं सोलून निघालंय, म्हणून बाईंनी चष्म्यावर चढवायची कापडी पट्टी चालेल म्हटलंय. अट एकच, त्यातून काही दिसता कामा नये. तेवढ्या शिवून धाडशील?

नेहमीसारखा गाठी मारलेला दोरा सोबत आहे. पहिली गाठ उंचीची, दुसरी छातीची. फोनवरून दोरा पाठवता येत नाही, हे तुझं म्हणणं मला पटलंय. आणि सोबत लाल दोऱ्याचा एक छोटा तुकडा आहे, तो हरवू नकोस. ती तिच्या डोळ्याची लांबी आहे. मोजपट्टीवर मोजून कापलाय.

वहिनीला नमस्कार. माझ्या वाट्याची माया कमी न करता उलट टपाली लिही.

तुझी
धाकटी


दि. २० मार्च २०१२

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

अगं वेडे, त्या बाईंच्या पाया पडायचं सोडून तू त्यांच्यावर डाफरत बसलीस! गेली बत्तीस वर्षं मी शाळेचे गणवेश शिवतोय. अंगाबरोबर माप घेऊन अंगाबरोबर शिवणारा शिंपी शाळेसमोर दोन वर्षं टिकणार नाही. वाढत्या पोराचं कापड कापताना शिवणीत माया ठेवावी लागते आणि खाली चार बोटं दुमड. पहिल्या दिवशी पोरगं गबाळं दिसतं, आई नाक मुरडते. वर्षाअखेरीला तीच येते आणि दुमड सोडून घेते. तुझ्या बाईंनी तेच केलंय.

पण मी कापडात दुमड ठेवतो गं, कापड माझ्या हातात असतं. त्यांनी ती कुठे ठेवली? अजून वाढायच्या डोळ्यात! जे आज अस्तित्वातच नाही त्याचं माप घेतलं आणि त्यावर भिंग बेतलं. तुझा लाल दोरा तर्जनीवर ठेवून पाहिला. एक पेरसुद्धा भरत नाही. एवढ्या जागेत खिडक्या, माणसं, आभाळ, सगळं मावणार, आणि ती जागा कुणी न सांगता आपली आपण वाढणार. मी दोऱ्याकडे बघत बसलो आणि गिऱ्हाईक दोनदा हाका मारून निघून गेलं.

तेव्हा मीही पैज घेतो. बटण सात वर्षांची होईल त्या दिवशीचा फ्रॉक मी आजच कापणार, आजच शिवणार. निळं कापड, निळाच दोरा. बघू, बाईंचा अंदाज बरोबर येतो की माझा. मी हरलो तर त्यांना पांढरा कोट शिवून देईन. आणि दुमडीची हातशिलाई अशी करीन, की टाका कुणाच्या बापाला दिसणार नाही. तुझी वहिनी म्हणते की बढाया मारायचे पैसे पडत नाहीत म्हणून बरंय.

सहा पट्ट्या पाठवतोय. पोरीला उकडू नये म्हणून आमच्याकडचं सगळ्यात मऊ, तलम कापड घेतलं, दुहेरी. उजव्या डोळ्यासाठी आहेत, म्हणून माझ्या उजव्या डोळ्यावर धरून, डावा मिटून तपासल्या. काही दिसत नाही. निर्धास्त वापर.

जावईबापूंना सांग, काही गळत्या आपल्या वेळेलाच थांबतात. घरात सगळ्यांना आशीर्वाद, आणि तुला जरा जास्त.

तुझा
दादा


दि. २४ सप्टेंबर २०१२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी चांगलं सांगते. डोळा वाढला! एक मिलिमीटर. चष्मा पाचावरून साडेतीनवर आला. बाई म्हणाल्या होत्या तसंच, आकड्याला आकडा. वीस मिलिमीटरचा दोरा सोबत आहे, पहिल्याच्या शेजारी ठेवून बघ. मी स्वयंपाकघरात एकोणिसाचा दुसरा तुकडा कापून शेजारी ठेवला आणि अंगावर काटा आला. सहा महिने ती माझ्या कडेवर होती आणि माझ्या नाकासमोर हे चाललं होतं.

आता दुसरं. कसं लिहू ते कळत नाही, पण तुझ्यापासून लपवलं तर मला झोप लागणार नाही. पट्टी बांधली की पोर हूं की चूं करत नसे. मी सगळीकडे मिरवलं, की आमची मुलगी किती गुणी. पण परवा तपासणीत बाईंनी उजवा डोळा हाताने झाकला, तर ती किंचाळून हात ढकलायला लागली. डाव्याने खुळखुळ्याकडे बघेचना. बाईंनी विचारलं की पट्टी रोज बांधता ना. मी शपथेवर हो म्हटलं. त्यांनी तुझी पट्टी घेतली, स्वतःच्या डोळ्यावर धरली आणि म्हणाल्या की त्यांना मी दिसतेय. माझ्या ओढणीचा रंगसुद्धा त्यांनी सांगितला.

दादा, सहा महिने पोर पट्टीतून चांगल्या डोळ्यानेच बघत होती. डावा तसाच रिकामा बसून राहिला. एकदा तरी मी ती पट्टी माझ्या डोळ्यावर धरून बघायला हवी होती. पण तू तपासलीस म्हटल्यावर माझ्या मनात शंकाच आली नाही. तुझ्या कामात मी आयुष्यात कधी चूक पाहिली नाही. मला राग आलाय, खोटं कशाला बोलू. पण तुझ्यावर किती आणि माझ्यावर किती, ते अजून ठरत नाही.

लिही. गप्प बसू नकोस, तेवढीच विनंती.

तुझी
धाकटी


दि. ३ ऑक्टोबर २०१२

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि कात्री खाली ठेवली. दोन दिवस दुकान उघडलं नाही. 

उरलेल्या कापडाची पट्टी पुन्हा उजव्या डोळ्यावर धरली. काही दिसेना. म्हटलं, बाई खोटं का बोलतील? मग डाव्यावर धरली. धाकटे, खिडकीचे गज मोजता आले. समोरच्या शाळेची पाटीसुद्धा वाचता आली असती. पुन्हा उजव्या डोळ्याने, आणि या वेळी पट्टी काढून बघितलं. पट्टी काढली तरी धड काही दिसेना. सगळं पाण्यात दूध घातल्यासारखं. इतके दिवस मी एका डोळ्यावर शिवतोय आणि मला पत्ता नाही! वहिनी आता म्हणते की वर्षभर मी मान वाकडी करून सुई ओवतोय, तिला वाटलं मानेचं दुखणं असेल. दवाखान्यात गेलो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, चांगला मुरलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

लेकराच्या डोळ्याला उकडू नये म्हणून मी जीव टाकला आणि त्यातच घात केला. दुसऱ्या कुणाकडून पट्टी घेतली असतीस तर त्याने दहा मिनिटांत काळं जाडंभरडं काहीतरी शिवून दिलं असतं, आणि पोरीचे सहा महिने वाचले असते. चुकलेली शिवण उसवता येते. बाईंना विचार, सहा महिने उसवता येतात का. उत्तर वाईट असलं तरी मला कळव.

नव्या बारा पट्ट्या पाठवतोय. काळं जाड कापड, तीन पदर, कडेला अस्तराची झालर, म्हणजे फटीतून डोकावता येणार नाही. या मी तपासलेल्या नाहीत. तुझ्या वहिनीने तपासल्या, दोन्ही डोळ्यांनी, भर उन्हात उभी राहून. तिचे डोळे घारीचे आहेत हे मी लग्नापासून भोगतोय. तरी तूही तपास, जावईबापूंकडूनही तपासून घे. माझ्यावर विसंबू नकोस.

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, तरी देतो.

दादा


दि. ९ डिसेंबर २०१२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नुसतं दादा अशी सही पुन्हा केलीस तर पत्र परत पाठवीन. तुझा दादा असं लिहीत जा.

विचारलं. बाई म्हणाल्या की गेले ते महिने गेले, पण दार अजून बंद झालेलं नाही. तास वाढवायचे आणि एक दिवस चुकवायचा नाही. डोळा कुठपर्यंत येईल ते त्या आज सांगू शकत नाहीत. डोळ्याची लांबी त्या मिलिमीटरमध्ये सांगतात, पण नजरेचं विचारलं की बघू म्हणतात.

तुझ्या काळ्या पट्टीने घरात रणकंदन माजलं. तीच गुणी मुलगी पट्टी बघितली की पलंगाखाली शिरते! पहिले पंधरा दिवस रडली, ओरबाडलं, दाराच्या चौकटीवर आपटली, चष्मा दोनदा फेकला. हे तिला मांडीवर घेऊन बेसूर गायचे, म्हणजे शेजाऱ्यांचाही जीव गेला. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आपण स्वतःच्या हाताने पोरीला आंधळं करतोय असं वाटायचं. खरं तर ती रडत होती म्हणजेच पट्टी पक्की होती.

परवाची गोष्ट ऐक. बेकरीतून मनुका आणल्या होत्या, त्यातली एक जमिनीवर पडली. पट्टी बांधलेली बटण माझा हात धरून उभी होती. अचानक हात सोडून बसली. वाकली. डाव्या डोळ्याने जमिनीवर टक लावली, पहिल्यांदा बोट दोन इंच बाजूला पडलं. परत टेकवलं. आणि चिमटीत मनुका उचलून सरळ तोंडात! मी तशीच उभी राहिले. दीड वर्षात त्या डोळ्याने स्वतःहून मिळवलेली ही पहिली गोष्ट. देवाशपथ सांगते, मला इतकं आश्चर्य तिच्या जन्माच्या वेळीही वाटलं नव्हतं.

साडेवीस मिलिमीटर. दोरा सोबत. आता तू तुझं ऑपरेशन लांबवू नकोस. घरात मोतीबिंदूवाला एकच पुरे, आणि ती तुझ्याहून शूर आहे.

राग गेलाय. लोभ होता तिथेच आहे.

तुझी
धाकटी


दि. १८ मे २०१३

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

झालं एकदाचं. मलाही भिंग बसलं. माझ्या डॉक्टरांना मी मोठ्या रुबाबात विचारलं की माझ्या डोळ्यासाठी दुमड किती ठेवली. आधी त्यांना कळेना. समजावल्यावर खो खो हसले आणि म्हणाले की काका, तुमचं वाढणं संपलं, तुम्हाला अंगाबरोबर शिवलंय.

पट्टी काढली आणि पहिल्यांदा तो निळा फ्रॉक बघितला. किती निळा गं तो! उजव्या डोळ्याला तो इतके दिवस करडाच होता. आणि माझी हातशिलाई! उंदराने कुरतडल्यासारखे टाके. लाजेने मेलो. सगळी दुमड उसवली आणि नव्या डोळ्याने पुन्हा घातली, तीन दिवस लागले. वहिनीने भिंग लावून शोधलं, तिलाही टाका सापडला नाही. बढाई नाही, वहिनीची साक्ष आहे.

एक मनात येतं ते लिहितो. मला नजर परत मिळाली, कारण बघायचं कसं ते मला माहीत होतं. बटणाला कुणीच शिकवलेलं नाही. डोळा वाढवायचा, भिंगाशी जुळवून घ्यायचं आणि बघायचंही शिकायचं, सगळं त्या चिमुरडीने एकदम करायचं. तिचे दोरे मी एका पुठ्ठ्यावर टाचून ठेवलेत. गिऱ्हाईकं विचारतात की हे कसलं माप. मी सांगतो, माणसाचं.

तिला माझ्याकडून एक गालगुच्चा, आणि तुम्हा सगळ्यांना उदंड आशीर्वाद.

तुझा दादा
(आता बरोबर?)


दि. १७ नोव्हेंबर २०१५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. मांडीवर तिचा चष्मा आहे. सहा महिन्यांत नंबर अडीचवरून एकावर आला, अपेक्षेपेक्षा फार लवकर. मी पेढे मिळाल्यासारखी खूश झाले, पण बाईंचा चेहरा उतरला. कधीकधी ऑपरेशन झालेल्या डोळ्यात आतला दाब चढतो आणि डोळा ताणला जातो, त्यानेही लांबी वाढते म्हणे. ते वाढणं नव्हे, फुगणं. त्याने आतली नस मरते. बटण जागेपणी दाब मोजू देत नाही, म्हणून भूल देऊन आत नेलंय. जाताना तिने मला बजावलं की मामाचा दोरा तयार ठेव. हे बाहेर फेऱ्या मारतायत आणि दवाखान्याचा गळका नळ उगाच उघडून बंद करतायत. दादा, इतकं करून शेवटी असं व्हायचं असेल तर

पत्र तिथेच थांबलं होतं. बाई बाहेर आल्या. दाब ठीक आहे! नस गुलाबी, निरोगी. डोळा नुसता वाढलाय. कधी हळू, कधी झपाट्याने, आपल्या मर्जीने. पुढचे महिने तो कदाचित सुस्तावेल, असंही म्हणाल्या. साडेएकवीस. दोरा यांनी कापला, तेव्हा जरा वाकडा असेल. तो टाकून देऊ नकोस.

सगळ्यांना नमस्कार. आज एवढंच सुचतंय.

तुझी
धाकटी


दि. २८ मे २०१८

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

बटण सात वर्षांची होणार, तेव्हा वचनाप्रमाणे फ्रॉक रवाना केलाय. सहा वर्षांपूर्वी कापलेला आहे, एक टाकाही बदललेला नाही, ती मधली उसवाउसव सोडून. तुझा मागचा दोरा मी मुद्दाम फ्रॉकला लावून पाहिला नाही. पैज म्हणजे पैज. आता काळजी लागलीय, ती फ्रॉकची नाही. पुढच्या तपासणीत बाई काय म्हणतात, ते एका ओळीत तरी कळव. सहा महिन्यांचं ओझं मी अजून उतरवलेलं नाही.

सर्वांना आशीर्वाद.

तुझा दादा


दि. १२ जून २०१८

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

याचा अर्थ मला माहीत नाही पण आई म्हणाली की लिही. मी हे पत्र स्वतः लिहीत आहे. आईने फक्त जोडाक्षरं सांगितली.

बाईंनी माझे डोळे तपासले. उजव्या डोळ्याने मी तक्ता शेवटपर्यंत वाचला. डाव्या डोळ्याने शेवटच्या दोन ओळी आल्या नाहीत. बाकीच्या सगळ्या आल्या. मला वाटलं नापास झाले, पण आई रडायला लागली आणि बाई हसायला लागल्या. बाबांनी नाक शिंकरलं. आता माझ्या डाव्या काचेला वरती नंबरच नाही. खालच्या अर्ध्या काचेला आहे, तो वाचायचा. बाईंनी मी बाळ असतानाचा कागद काढला. त्यात त्यांनी लिहिलं होतं की सात वर्षांना शून्य. मग म्हणाल्या की पुढे डोळा अजून थोडा वाढेल तेव्हा बघू. बावीस झाला. दोरा मी कापला आहे. सरळ आहे.

मामा तू पैज हरलास. फ्रॉक आखूड झाला. गुडघ्याच्या वर चार बोटं. आईची बोटं. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या की कोट हवाच. त्यांच्या मापाचा दोरा पाकिटात आहे. तो लांब आहे, गुंता करू नकोस.

आई म्हणाली की काळजी नाही, मामाने खाली दुमड ठेवली असणार. दुमड होती. पण आईला टाकाच सापडेना. तिने चष्मा लावला. मग खिडकीत नेला. मग बाबांना बोलावलं. बाबा म्हणाले की मामाने चिकटवला असेल. आई म्हणाली की माझ्या दादाचा टाका आजवर कुणाला दिसलेला नाही, वहिनीलापण नाही.

मग मी माझी काळी पट्टी आणली आणि उजव्या डोळ्यावर बांधली. आई म्हणाली की अगं, चांगल्या डोळ्याने बघ. मी म्हटलं थांब. खालच्या काचेतून बघितलं. खूप वेळ बघितलं.

मामा, तुझा टाका निळ्यावर निळा आहे आणि अगदी बारीक आहे. मला तो दिसला. मग दुसरा दिसला. मग सगळेच दिसले. मी एकेक दाखवला आणि आईने एकेक कापला.

फ्रॉक आता बरोबर होतो. मामीला नमस्कार.

तुझी
बटण